औसा (लातूर) : बुधवारपर्यंत विजा-गडगडाट, गुरुवारपासून ऊन. सोयाबीन आत्ता कापायला लावू की थांबू?

औशाचा_पोरगा
रविवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. मी पुण्यात नोकरीला, गाव औसा तालुक्यात, तेरणेच्या अलीकडं. गावी आबा आणि माय दोघंच. पाच एकर काळं रान, सगळं सोयाबीन, मधे तुरीच्या ओळी. तीन एकर जेएस-३३५ वाण पार वाळलंय, पानं गळून नुसत्या शेंगा उभ्या आहेत. उरलेल्या दोन एकरांत केडीएस-७२६ आहे, त्याच्या शेंड्याला अजून हिरवट पानं आहेत, त्याची घाई नाही.

आबांचा रोज रात्री साडेआठला फोन येतो. "जेवलास का?" आणि लगेच, "काय म्हणतंय, बघ बरं." मग मी मोबाईलवर बघून वाचून दाखवतो. आज असं दिसतंय: सोमवारी ढग-वीज ६० टक्के, मंगळवारी ७०, बुधवारी ४०, गुरुवारी ढगाआडून सूर्य, आणि शुक्रवार ते रविवार नुसता पिवळाधमक सूर्य. हवामान विभागाच्या जिल्ह्याच्या पानावर सोमवार ते बुधवार पिवळा रंग आहे, तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजा आणि ताशी ३० ते ४० किलोमीटरचा सोसाट्याचा वारा. गुरुवारी हिरवा.

अडचण अशी की कापणीच्या टोळीचा मुकादम उद्या यायला तयार आहे. उद्या नाही म्हटलं तर त्याचा पुढचा नंबर आठ-नऊ दिवसांनी. शेजारच्यांनी आजच कापून टाकलं, त्यामुळं आबांचा जीव वरखाली होतोय.

गेल्या वर्षी मीच सांगितलं होतं कापा म्हणून. चार दिवस सूर्य दाखवत होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी असा पाऊस आला की नाल्याकडचे ढीग पाण्यात बसले. शेंगेतच कोंब आले. आडतीवर एकानं मूठभर दाणे घेतले, नाकाशी नेले आणि काही न बोलता परत पोत्यात टाकले. आबांनी मला त्यावरून आजवर एक शब्द सुनावला नाही. यंदाही रोज मलाच विचारतात. म्हणून जास्त भीती वाटते.

तर विचारायचं एवढंच: गुरुवारच्या उन्हावर विश्वास ठेवावा का? आणि तीन दिवस पिकलेलं सोयाबीन उभं ठेवलं तर चालेल का?

---

रेणापूरची_ताई
रविवार, रात्री १०.३५

दादा, उद्या कापू नका. आमचं सात एकर आहे, मालक आजारी असल्यापासून तीन वर्षं मीच बघते. माझा अनुभव एवढाच की उभं पीक भिजलं तर वाऱ्यानं दोन दिवसांत वाळतं, शेंग जमिनीपासून वर असते. कापून आडवं पडलेलं भिजलं तर खालची बाजू काही केल्या वाळत नाही. उलथवायला परत बायका लावाव्या लागतात आणि प्रत्येक उलथवणीत दाणे गळतात. एकदा मी ओल्यातच बनीम (कापलेल्या मालाची गंज) लावली होती, म्हटलं वरून मेणकापड टाकू. चौथ्या दिवशी हात घातला तर आत भाकरीसारखी ऊन. दाणे तपकिरी झाले होते.

कापायचं ठरलंच तर नाल्याकडचं अजिबात नको, आधी वरच्या अंगाचं घ्या. बनीम उंचवट्यावर, खाली तुराट्यांचा थर द्या. आणि मेणकापड रात्री टाकलं तर सकाळी ऊन पडल्यावर काढाच, नाहीतर आतून घाम धरतं.

मजुरांचं मात्र खरं आहे. आमच्याकडंही बियाण्याच्या बॅगेमागं कापणीचा भाव रोज वाढतोय. मुकादमाला थोडी उचल देऊन गुरुवार-शुक्रवारसाठी बांधून घेता येतं का बघा.

---

नोंदवही_निलंगा
सोमवार, सकाळी ६.१५

मी निवृत्त शिक्षक. शाळेत असल्यापासून पाऊस मोजायची सवय लागली, ती सुटली नाही. अंगणात पर्जन्यमापक आहे, रोज सकाळी साडेआठला बघतो आणि वहीत लिहितो. तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे असाल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी अंदाज वाचायचा कसा ते. हवामान खात्याचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. बुधवारचा पिवळा रंग म्हणजे गुरुवारी सकाळी साडेआठपर्यंतचा. बुधवारी मध्यरात्री पाऊस आला तर अंदाज चुकला असं नाही, तो त्यातच धरलेला आहे. म्हणजे गुरुवारी पहाटे तुमचं रान भिजलेलं असू शकतं आणि त्याच दिवशी दुपारी कडक ऊनही पडू शकतं.

दुसरं, "तुरळक ठिकाणी" हा शब्द. जिल्ह्यातल्या पाऊस मोजायच्या ठिकाणांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस, असा त्याचा अर्थ. पाऊस तुरळक म्हणजे हलका, असं लोक समजतात. तसं नाही. ज्याच्या शिवारावर तो ढग उभा राहतो त्याला तासाभरात पन्नास मिलिमीटरही देऊन जातो आणि बांधापलीकडं धूळ उडत असते. पिवळा रंगही पावसाच्या मापाचा नाही, लक्ष ठेवा एवढंच तो सांगतो. हल्ली आपल्याकडं सहा किलोमीटरच्या चौकटीचं मॉडेल आलंय, फार मोठी गोष्ट आहे ती. पण सहा किलोमीटर म्हणजे आमच्या भागात दोन-तीन गावं. कुठल्या गावावर ढग फुटणार हे तीन दिवस आधी कुणीच सांगू शकत नाही. म्हणून ६० आणि ७० टक्क्यांतल्या फरकावर रात्र जागवू नका.

मग गुरुवारच्या सूर्यावर विश्वास का ठेवायचा? कारण ती गोष्टच वेगळी आहे. एखादा ढग कुठं उठेल हे सांगणं अवघड, पण हवा कधी पालटणार हे सांगणं त्यामानानं सोपं. या दिवसांतला पाऊस असा येतो: खाली जमिनीजवळ अजून दमट हवा आहे, पूर्वेकडून बंगालच्या उपसागरावरून ओल येतेय, वर ऑक्टोबरचं ऊन. सकाळी आभाळ धुतल्यासारखं, अंगाला मात्र चिकचिक. अकराच्या सुमारास कापसाची बोंडं फुटावीत तसे ढग, दोन-तीनला त्यांचे मनोरे, आणि चार ते आठच्या दरम्यान गडगडाट. ही खालची ओल संपली की ऊन कितीही तापलं तरी ढग मनोरा बांधत नाही. मोसमी पाऊस माघारी फिरताना वारा ईशान्येकडून, कोरडा यायला लागतो. राजस्थानच्या पश्चिम भागातून ही माघार सरासरी १७ सप्टेंबरला सुरू होते आणि १५ ऑक्टोबरच्या आसपास सगळ्या देशातून पाऊस निघालेला असतो. आपण त्या वाटेवर शेवटी-शेवटी येतो, म्हणून चित्रा नक्षत्रात आपली सुगी आणि पाऊस एकमेकांच्या आडवे येतात. "पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा" हे जुन्या लोकांनी उगीच म्हटलेलं नाही.

आता तुम्ही काय बघायचं ते. सूर्याच्या चित्राऐवजी दोन आकडे बघा: दुपारची आर्द्रता आणि वाऱ्याची दिशा. माझ्या वहीचा अनुभव असा, की दुपारी तीनची आर्द्रता ६०-६५ वरून चाळीसच्या खाली उतरली आणि दोन दिवस खालीच राहिली, की आमच्याकडं वळवासारखा गडगडाट थांबतो. पहाटेचा गारवा वाढतो, गवतावर दव दिसतं. तुम्ही पुण्यात बसून आकडे बघा आणि आबांना दिशा विचारा. गावात मारुतीच्या देवळावर झेंडा असेलच. झेंड्याचं टोक सकाळी नैऋत्येकडं, म्हणजे तुमच्याकडं तेरणेच्या अंगाला, जायला लागलं की वारा फिरला असं समजा. मंगळवारी आणि शुक्रवारी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्लाही येतो, उद्याचा जरूर वाचा. मेघदूत अ‍ॅपवर मराठीत मिळतो.

माझं मत विचाराल तर टोळीला आज नको म्हणा. गुरुवारीसुद्धा नको. काळ्या रानाला वाफसा यायला एक दिवस ऊन लागणारच, चिखलात कापलं तर मुळासकट माती येते आणि ती मळणीत दाण्याला चिकटते. शुक्रवारी पहाटे सुरुवात करा.

आणि एक विचारतो, राग मानू नका. गेल्या वर्षी तो पाऊस आला तेव्हा आबा कुठं होते?

---

चाकूर_बॅग
सोमवार, सकाळी ९.०५

सरांबद्दल आदर आहे, पण जेएस-३३५ ला पाच दिवस उभं ठेवा म्हणणं मला पटत नाही. वाळलेली शेंग भिजली आणि वरून कडक ऊन पडलं की तडतड फुटते. आमच्याकडं मागं अशी झडली होती की रानात चालताना पायाखाली दाणे करकर वाजत होते. पाऊस जेवढा खात नाही तेवढं नंतरचं ऊन खातं. माझं म्हणणं, निम्मं आजच कापा, ताडपत्री घ्या, लगेच झाका. सगळी अंडी एका पाटीत नको.

---

नोंदवही_निलंगा
सोमवार, सकाळी १०.२०

तुमचं म्हणणं रास्त आहे. उन्हाचं सुख शेंगेला मानवत नाही, हे मीही पाहिलंय. जेएस-३३५ फुटायला अधीरच आहे. पण किती फुटतं ते मोजून बघू, नुसत्या भीतीनं ठरवायला नको.

रानात चार जागी एक-एक मीटरचा चौकोन आखा, खाली पडलेले दाणे मोजा. शंभर दाण्यांचं वजन साधारण १२ ग्रॅम धरा. चौरस मीटरात शंभर दाणे पडले असतील तर एकरी जवळपास पन्नास किलो गेले. वीस पडले तर दहा किलो. आबांनी आज दुपारी चार चौकोन मोजावेत, पाऊस झाला तर उघडीप पडल्यावर परत मोजावेत. दहा-वीस किलोचं नुकसान सोसण्यासारखं आहे. भिजलेल्या ढिगाचं पूर्ण एकर जातं.

फुटणं कमी करायचा उपाय ताईंसारख्या शेतकऱ्यांना माहीत आहेच: पहाटे दव असताना कापणी, शेंग तेव्हा नरम असते. दहा-साडेदहाला थांबायचं. मळणी मात्र दुपारच्या उन्हात.

निम्मं आज कापायचं, तर ते झाकायला संध्याकाळी चार वाजता रानात कोण जाणार? तिथं दोघंच आहेत, आणि वीज चार ते आठलाच पडते. म्हणून मी वरचा प्रश्न विचारला होता.

---

औशाचा_पोरगा
सोमवार, रात्री ११.१०

सर, आबा तेव्हा रानात होते. पाऊस सुरू झाल्यावर ताडपत्री खांद्यावर टाकून गेले. माय दारातून हाका मारत होती. रानात लिंबाच्या झाडापासून वीस पावलांवर ढीग होता. त्या संध्याकाळी गावाच्या खालच्या अंगाला वीज पडून एक बैल गेला. हे मला मायनं दोन महिन्यांनी, दिवाळीला गेल्यावर सांगितलं. आधीच्या पोस्टमध्ये लिहायला धीर झाला नाही.

आज टोळीला नाही म्हणून सांगितलं. शुक्रवारी सकाळसाठी मुकादमाला उचल पाठवली. आबा थोडे नाराज आहेत. "शेजाऱ्याचं रिकामं झालं," म्हणाले. चौकोन मात्र मोजले. सुतळीनं आखले, माय मोजत होती. अकरा, सात, चौदा, नऊ.

संध्याकाळी आमच्याकडं नुसतं गडगडलं, थेंब नाही.

---

नोंदवही_निलंगा
मंगळवार, सकाळी ५.५०

तुम्ही केलंत ते योग्य केलंत. आता एकच गोष्ट कळकळीनं सांगतो. आमच्या मराठवाड्यात परतीच्या पावसात दरवर्षी वीज पडून माणसं जातात, आणि त्यातली कितीतरी माल झाकायला किंवा जनावर सोडवायला गेलेली असतात. आबांच्या फोनमध्ये दामिनी अ‍ॅप घालून द्या, साधा फोन असेल तर तुमच्या फोनमध्ये गावाची जागा बघत चला आणि फोन करा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं ते केलंय, आसपास वीज पडत असेल तर कळतं. तेही नसलं तर लख्ख झाल्यावर सेकंदाला एक असे आकडे मोजायचे. तीन आकड्यांना एक किलोमीटर. तीस व्हायच्या आत आवाज आला तर घरात जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. झाडाखाली तर मुळीच नाही, लिंब असो की आंबा. ढीग भिजला तर भिजू दे, हे आबांना तुमच्या तोंडून ऐकू द्या. मायनं सांगून ते ऐकणार नाहीत, पोरानं सांगितलं तर ऐकतील.

काल माझ्याकडं १७ मिलिमीटर.

---

औशाचा_पोरगा
बुधवार, रात्री ९.३०

काल संध्याकाळी पाच वाजता झोडपलं. आबा म्हणतात, पाऊण तास रान दिसत नव्हतं. शेजाऱ्यांची बनीम वाऱ्यानं उघडी पडली. त्यांचं वाईट वाटतंय, आबा आज सकाळी त्यांना पसरायला मदत करायला गेले होते.

काल दुपारीच मी फोन करून म्हटलं, "आबा, काहीही भिजू दे, तुम्ही घरात बसा." ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रानात आहेच काय झाकायला?" पाऊस आला तेव्हा माय आणि ते दोघं पडवीत बसून आकडे मोजत होते. सर, तुमचे तीनाचा एक किलोमीटर. मायनं एकदा चारलाच आवाज ऐकला म्हणे.

आज नुसतं ढगाळ. दुपारी तीनची आर्द्रता ५८ दाखवत होती, उद्या ४४, परवा ३६. झेंडा अजून कधी इकडं, कधी तिकडं.

---

रेणापूरची_ताई
गुरुवार, सकाळी ७.१०

आमच्याकडं आज पहाटे दव पडलंय, पदर ओला झाला. वारा लागतोय. उद्या टोळीला चहापाणी लवकर करायला सांगा मावशींना, सहाला रानात उतरल्या पाहिजेत.

---

औशाचा_पोरगा
रविवार, रात्री १०.१५

उशीर झाला कळवायला, गावीच आलोय. गुरुवारी सकाळी आबांचा फोन आला, पहिल्यांदाच सकाळी. जेवलास का नाही, काही नाही. "झेंडा तेरणेकडं गेलाय," एवढंच म्हणाले. मी संध्याकाळची गाडी धरली.

शुक्रवारी पहाटे पावणेसहाला टोळी आली. शेंगा दवानं चामड्यासारख्या झाल्या होत्या, विळा लावताना आवाज येत नव्हता. साडेदहाला थांबलो तेव्हा दीड एकर झालं होतं, उरलेलं शनिवारी पहाटे. नाल्याकडचं शेवटी घेतलं. शुक्रवारी कापायच्या आधी चौकोन परत मोजले: एकतीस, बावीस, पन्नास, अठ्ठावीस. म्हणजे चाकूरच्या दादांचं म्हणणं खोटं नव्हतं, एकरी पंधरा-सोळा किलो गेलेच. पन्नास आले ते बांधाजवळचे, तिथं ऊन आधी लागतं.

आज दुपारी शुक्रवारच्या मालाची रास झाली. आबांनी दाणा दाताखाली धरला, कट्ट वाजला. तरी दोन दिवस अंगणात पातळ पसरून ठेवणार आहोत, बारा टक्क्यांच्या आत आला की पोती भरू. पुढच्या पेरणीसाठी मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला चारशेच्या आसपास ठेवून दोन पोती वेगळी काढलीत. त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून बघू, सत्तर उगवले तर बियाणं, नाहीतर तेही आडतीला.

शेजाऱ्यांच्या ढिगातलं वरचं निम्मं वाचलं. त्यांना आमची ताडपत्री दिलीय, आम्हाला आता लागत नाही.

सर, एक राहिलंच. तीन एकरांतलं सोयाबीन निघालंय आणि खाली ओल चांगली आहे. आबांना लगेच हरभरा टाकायचाय, मी म्हणतो अजून ऊन कडक आहे, मर रोग लागेल. तुमच्या वहीत रात्रीचा पारा आपल्या भागात वीसच्या खाली साधारण कधी जातो?